सेल्फ फिरतो, मग दिवे का मंदावतात?

प्रथम एक कोडे घालतो. मोटारगाडीचे इंजिन सुरू करणारी विद्युत् मोटर, म्हणजे आपण जिला नुसते ‘सेल्फ’ म्हणतो ती, बॅटरीतून सुमारे १५० अँपिअर प्रवाह ओढते. पुढचे दोन दिवे, मागचे दिवे, वायपर आणि इंजिनाची ठिणगी ही सगळी मंडळी मिळून ओढतात फार तर १२ ते १५ अँपिअर. आता एखाद्या गाडीचे दिवे पिवळे पडून विझू लागले, पण त्याच मिनिटाला सेल्फ मात्र जोमाने फिरला, तर तुम्ही काय म्हणाल? बॅटरी उतरली असे म्हणाल का?

मी तसे म्हणालो होतो. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने असे म्हणावे ही शरमेची गोष्ट आहे, पण ती घडली तशी सांगतो.

आमच्या घरी १९७१ सालची एक अँबॅसडर मार्क-२ आहे. वडिलांनी ती नवी कोरी घेतलेली. मूळची इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड ही गाडी कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे अँबॅसडर या नावाने तयार होऊ लागली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. आमची गाडी अजून चालते. चालते, पण तिचे लाड करावे लागतात. जुलै २०२३ मध्ये आई-बाबांना घेऊन मी रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येत होतो. साखरपा सोडून आंबा घाट चढू लागलो तेव्हा अंधार पडला होता. पाऊस होता आणि धुके इतके दाट, की बॉनेटच्या पलीकडचे दिसेना. पुढे कोठेतरी एक ट्रक बंद पडला होता, त्यामुळे वाहनांची रांग जागच्या जागी थांबली. इंजिन मंद चालू, दिवे चालू, वायपर चालू. अर्धा तास गेला. समोरचा उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबूस झाला, वायपर काचेच्या मध्यावर रेंगाळू लागला आणि इंजिन दोन-तीनदा खोकून बंद पडले.

घाटातल्या वळणावर, धुक्यात, मागचे लाल दिवे जवळजवळ विझलेली गाडी म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको. मागच्या ट्रकचा चालक सूज्ञ होता. तो खाली उतरला आणि हातात टॉर्च घेऊन आमच्या गाडीमागे उभा राहिला. बाबा म्हणाले, “अरे, सगळं बंद कर. दिवे, वायपर, सगळं. आणि सेल्फ मारून बघ. नाहीतर डिकीत हँडल आहेच.” मी सगळे बंद केले, सेल्फ मारला, आणि तो काहीच झाले नसल्यासारखा फिरला. इंजिन सुरू झाले. ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला तसे दिवेही पुन्हा उजळले. घाट संपेपर्यंत मी इंजिनाची गती खाली येऊ दिली नाही.

आणि ही बॅटरी नवी होती. दोनच महिन्यांपूर्वी, गाडी सकाळी सुरू होत नाही म्हणून, एका दुकानदाराने जुनी बॅटरी ‘गेली’ असे सांगून ती बदलून दिली होती. तेव्हाही मी दोष शोधला नव्हता. एक सुटा भाग काढून दुसरा बसवला होता, इतकेच.

आता गाडीतील वीज कोठून येते आणि कोठे जाते ते पाहू. गाडीची बॅटरी म्हणजे शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांचे सहा घट एकामागे एक जोडलेले. असा घट फ्रान्समध्ये गॅस्टन प्लान्ते याने १८५९ साली प्रथम बनवला. पूर्ण भारित घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे सहांचे मिळून १२.६. बॅटरी काही तास स्वस्थ बसली असता १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास दिसले तर निम्मी उतरलेली आहे, आणि ११.९ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. पाहा, भरलेली आणि रिकामी यांत एक व्होल्टाचाही फरक नाही! म्हणून या कामात “बारा व्होल्ट तर आहेत की” असे म्हणून चालत नाही. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यालाच येथे किंमत आहे.

बॅटरी ही वीज तयार करण्यासाठी नाही, साठवण्यासाठी आहे. वीज तयार करतो डायनामो. इंजिनाच्या पुढच्या टोकाला एक रबरी पट्टा असतो. तो पंखा आणि पाण्याचा पंप फिरवतो व त्याच फेऱ्यात डायनामोही फिरवतो. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व तुम्ही शिकलाच आहात: चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरवले की त्यात विद्युत् दाब निर्माण होतो. डायनामोत फिरणाऱ्या वेटोळ्यांना आर्मेचर म्हणतात आणि त्याची वीज दिक्परिवर्तक व कार्बनचे दोन ब्रश यांच्यामार्फत एकाच दिशेने वाहणारी होऊन बाहेर येते. पण चुंबकीय क्षेत्र येते कोठून? ते कायम चुंबकाचे नसते, विद्युत् चुंबकाचे असते, आणि त्याच्या गुंडाळीला लागणारा प्रवाह डायनामो स्वतःच पुरवतो. मग कोंबडी आधी की अंडे? त्याचे उत्तर असे, की विद्युत् चुंबकाच्या लोखंडात मागच्या वेळचे थोडेसे चुंबकत्व शिल्लक राहिलेले असते. तेवढ्यावर एक-दोन व्होल्ट तयार होतात, त्यांनी क्षेत्र किंचित वाढते, त्याने दाब आणखी वाढतो, आणि क्षणार्धात डायनामो पूर्ण जोमात येतो. १८६६-६७ च्या सुमारास जर्मनीत वर्नर सीमेन्स आणि इंग्लंडमध्ये व्हीटस्टन व व्हार्ली यांना ही युक्ती जवळजवळ एकाच वेळी सुचली. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत हे शिल्लक चुंबकत्व कधी कधी नाहीसे होते, आणि अशा गाडीचा डायनामो ठणठणीत असूनही वीज देत नाही.

डायनामोचा दाब दोन गोष्टींवर अवलंबून असतो: क्षेत्र आणि फिरण्याचा वेग. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ७०० फेरे घेते आणि हमरस्त्यावर ३५०० घेते. वेग पाचपट झाला म्हणजे दाबही पाचपट होणार. हळू चालीत १४ व्होल्ट मिळवायचे ठरवले तर जोरात ७० व्होल्ट होतील आणि गाडीतले सगळे दिवे उडतील! म्हणून बॉनेटखाली एक लहान काळी पेटी बसवलेली असते. मिस्त्री लोक तिला सरसकट ‘कटआऊट’ म्हणतात. खरे पाहता तिच्यात दोन वेगवेगळी यंत्रे असतात. एक दाबनियामक. दाब वाढला की तो डायनामोच्या क्षेत्र गुंडाळीच्या वाटेत एक रोध घालतो, दाब उतरला की काढून घेतो. हे काम त्याची लहानशी पट्टी सेकंदाला अनेक वेळा थरथरून करते. दुसरे यंत्र म्हणजे खराखुरा कटआऊट. डायनामोचा दाब १३ व्होल्टांच्या आसपास आला की त्याचे संपर्क मिटतात आणि डायनामो बॅटरीला जोडला जातो. इंजिन मंदावले की संपर्क उघडतात. ते उघडले नाहीत तर बॅटरी उलट डायनामोलाच मोटरसारखी फिरवू पाहील आणि रिकामी होईल. तात्पर्य, डायनामोच्या गाडीत इंजिन मंद चालत असताना सगळा भार बॅटरीवरच असतो. पुढे आल्टरनेटर आले, त्यांत दिक्परिवर्तकाऐवजी सिलिकॉनचे डायोड असतात आणि ते मंद चालीतही बरीच वीज देतात. त्यामुळे नव्या गाड्यांत ही अडचण उरलेली नाही.

आता चालकासमोरचा तो लाल दिवा. चावी फिरवली की लागतो, इंजिनाने वेग घेतला की विझतो. “लाल दिवा विझला म्हणजे बॅटरी चार्ज होते” असे सगळेच म्हणतात, आणि येथेच फसगत होते. या दिव्याचे एक टोक चावीच्या स्विचमार्फत पेटीच्या बॅटरीकडील बाजूला जोडलेले असते व दुसरे टोक डायनामोला. कोणताही दिवा त्याच्या दोन टोकांत विभवांतर असेल तरच लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. इंजिन बंद असताना एका बाजूला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला शून्य, म्हणून दिवा लागतो. डायनामो जोमात आला आणि कटआऊट मिटला की दोन्ही बाजू सारख्या होतात, म्हणून विझतो. म्हणजे दिवा सांगतो ते एवढेच: पेटीच्या या बाजूचा आणि त्या बाजूचा दाब सारखा आहे. पेटीतून निघालेली वीज पुढे बॅटरीपर्यंत पोहोचली की वाटेत अडली, याची त्याला काहीच खबर नसते!

आमच्या गाडीत लाल दिवा नेहमी वेळेवर विझत असे. त्याच भरवशावर मी दोन महिने राहिलो.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ते दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होते. दिवे विझत आलेले आणि सेल्फ जोरात. १५० अँपिअर देऊ शकणारी बॅटरी १२ अँपिअर देताना दमते, हे कसे? ज्याला पोते उचलता येते त्याला पिशवी का उचलवत नाही? याचा अर्थ बॅटरीत ताकद होती. मात्र सेल्फकडे जाणारी वाट आणि दिव्यांकडे जाणारी वाट या दोन वेगळ्या वाटा असल्या पाहिजेत, आणि खोट दुसऱ्या वाटेवर असली पाहिजे. मी गाडीच्या वायरिंगचा आराखडा काढून पाहिला. बॅटरीची बोटाएवढी जाड केबल सेल्फच्या स्विचवरील एका बोल्टवर येते आणि तेथून सेल्फला जाते. त्याच बोल्टवरून एक त्यापेक्षा पुष्कळ बारीक, तपकिरी रंगाची वायर निघते ती नियंत्रण पेटीच्या ‘ए’ या टोकाला जाते. दिवे, वायपर, ठिणगी या सर्वांना वीज मिळते ती पेटीच्या ‘ए-१’ या टोकापासून. म्हणजे डायनामोकडून बॅटरीकडे जाणारी वीज आणि बॅटरीकडून दिव्यांकडे येणारी वीज, दोघींनाही त्या एकाच तपकिरी वायरीवरून जावे लागते. सेल्फची वीज मात्र तेथून जातच नाही.

तर्क बरोबर वाटत होता, पण तर्कावर विसंबून पाने हातात घेण्याची चूक मला पुन्हा करायची नव्हती. आमचे जुने मिस्त्री आणि मी, दोघांनी मिळून सगळ्या गोष्टी क्रमाने तपासायच्या ठरवल्या. तुम्हीही कधी असे काही पाहणार असाल तर घरातील जाणत्या माणसाला बरोबर घ्या. चालू इंजिनाजवळ ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी नको. पंखा विचारीत नाही. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा, कारण अंगठी बॅटरीची टोके जोडून बसली तर लाल होते. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा तिच्याजवळ काडी, ठिणगी काहीही नको.

प्रथम पट्टा पाहिला. पट्टा सैल असेल तर डायनामो घसरतो, विशेषतः दिवे लावल्यावर, कारण जास्त प्रवाह द्यायचा म्हणजे डायनामो फिरवायलाही जास्त जोर लागतो. आमचा पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबत होता, म्हणजे ठीक होता. बॅटरी रात्रभर स्वस्थ होती, तिचे विभवांतर १२.२ भरले. नवी, पण निम्मी उपाशी! तिच्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने पाहिले. सहाही घटांत ते सारखेच कमी होते. एखादाच घट मागे असता तर दोष बॅटरीचा असता. सगळेच सारखे मागे, म्हणजे बॅटरीला पुरेसे खायलाच मिळत नव्हते.

मग डायनामो. ही परीक्षा मला फार आवडते, कारण तीत डायनामो सगळ्यांपासून सोडवून एकटा तपासता येतो. त्याच्या दोन्ही वायरी काढल्या. ‘डी’ हे वीज बाहेर येण्याचे टोक आणि ‘एफ’ हे क्षेत्र गुंडाळीचे. ही दोन टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडली आणि ती जोडणी व डायनामोचे अंग यांत व्होल्टमीटर लावला. इंजिन सुरू करून गती अगदी हळूहळू वाढवली. आता नियामक मध्ये नाही, त्यामुळे दाब वेगाबरोबर सरळ चढत जातो. काटा न अडखळता वीस व्होल्टांकडे निघाला आणि आम्ही इंजिन थांबवले. त्याहून पुढे नेऊ नये. दाब मुळीच आला नसता तर ब्रश संशयित. अर्धा-एक व्होल्टावरच अडकला असता तर क्षेत्र गुंडाळी तुटलेली, कारण मग दिसतो तो केवळ शिल्लक चुंबकत्वाचा दाब. चार-पाच व्होल्टांवर अडकला असता तर आर्मेचर. एका मीटरच्या काट्यावरून आतल्या तीन अवयवांची प्रकृती कळते! (अशी जोडणी ज्या डायनामोत क्षेत्र गुंडाळीचे दुसरे टोक त्याच्या अंगालाच जोडलेले असते तेथेच चालते. प्रत्येक कंपनीची रचना अशी नसते, आणि आल्टरनेटरवर तर हा प्रयोग करूच नये.)

डायनामो निर्दोष ठरला. वायरी पुन्हा जोडल्या, दिवे बंद ठेवले आणि इंजिनाला थोडी गती दिली. पेटीच्या ‘ए’ टोकावर १४.२ व्होल्ट. छान! म्हणजे पेटीही आपले काम करते. मग मीटरच्या टोच्या बॅटरीच्या दोन टोकांवर ठेवल्या. १३.१.

१४.२ निघाले आणि १३.१ पोहोचले. वाटेत १.१ व्होल्ट कोणी खाल्ले?

येथे एक महत्त्वाची गोष्ट. पुष्कळांना वाटते, वायरीचा किंवा सांध्याचा रोध पाहायचा तर ओहममापक लावावा. मीही आधी तोच घेतला होता. पण आपण शोधतो आहोत तो रोध ओहमाच्या एखाद-दुसऱ्या दशांशाचा. साध्या मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोधही तेवढाच असतो! शिवाय मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडून मोजतो, त्यामुळे एका केसाएवढ्या धाग्याने टिकलेला सांधाही त्याला उत्तम दिसतो. मग करायचे काय? प्रत्यक्ष प्रवाह चालू ठेवायचा आणि त्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे व्होल्टमीटर लावायचा. ओहमचा नियम सांगतो की विभवांतर म्हणजे प्रवाह गुणिले रोध. निर्दोष सांध्यावर जवळजवळ शून्य दिसेल, आणि जेथे रोध आहे तेथे तो मीटरवर उभा राहील. प्रवाहच नसेल तर मात्र सदोष सांध्यावरही शून्यच दिसते. गंजून बुजलेल्या नळाची तोटी बंद असताना दाब पुरा असतो, तोटी उघडली की धार करंगळीएवढी; तसेच हे.

तुम्ही हे शाळेत करून पाहू शकता. टॉर्चचे तीन घट एकामागे एक जोडा, त्यांना एक लहान बल्ब जोडा आणि मंडलात एक चांगला गंजलेला खिळा घाला. तारा खिळ्यावर नुसत्या गुंडाळा, गंज खरवडू नका. बल्ब काढून त्याच्या जागी व्होल्टमीटर लावला तर जवळजवळ साडेचार व्होल्ट दिसतील आणि खिळा निर्दोष आहे असे वाटेल. बल्ब लावा, आणि आता बल्बवरचे व खिळ्यावरचे विभवांतर वेगवेगळे मोजा.

तर आम्ही इंजिन चालू ठेवून वाटेवर एकेक पाऊल टाकत निघालो. डायनामोचे अंग आणि बॅटरीचे सांगाड्याला जोडलेले टोक, म्हणजे परतीची वाट: ०.०५ व्होल्ट. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते, त्यामुळे त्याला सांगाड्याशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी गंजली की परतीची वाट बंद होते. आमची पट्टी ठीक होती. मग जाण्याची वाट. ‘ए’ टोकाचा स्क्रू: ०.०३. तपकिरी वायरीची सगळी लांबी: ०.१. सेल्फच्या बोल्टपासून बॅटरीपर्यंतची जाड केबल: ०.०२. आणि तपकिरी वायरीचे थिंबल व तो बोल्ट यांमध्ये: ०.९ व्होल्ट!

बेरीज करून पाहा, बरोबर १.१ येते. असा हिशेब जुळला की मला अजूनही विद्यार्थ्यासारखा आनंद होतो.

रोध किती ते काढायला प्रवाह हवा. वायर न तोडता प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर मी मागून आणला होता. (घरच्या वायरमनजवळचा साधा क्लॅम्प मीटर येथे उपयोगी नाही. तो रोहित्राच्या तत्त्वावर चालतो आणि एकदिश प्रवाह त्याला दिसतच नाही.) प्रवाह ४.५ अँपिअर होता. ०.९ भागिले ४.५, म्हणजे ०.२ ओहम. एवढासा रोध! पण आता घाटातली रात्र आठवा. इंजिन मंद, कटआऊट उघडा, आणि दिवे, वायपर व ठिणगी मिळून १२ अँपिअर त्या सांध्यातून उलट दिशेने येत होते. १२ गुणिले ०.२ म्हणजे २.४ व्होल्ट तेथेच खर्च. बॅटरीजवळ १२ असतील तर दिव्यांना मिळाले साडेनऊच्या आसपास. तारेच्या दिव्याचा उजेड दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून पुष्कळ झपाट्याने कमी होतो. दाब पंचमांशाने घटला की उजेड निम्म्याहून खाली येतो. ठिणगीही तशीच दुबळी झाली आणि इंजिन थांबले. दिवे व वायपर बंद केल्यावर त्या सांध्यातून फक्त ठिणगीचे तीन-चार अँपिअर जात होते, दाब फारसा पडत नव्हता, म्हणून इंजिन पुन्हा लागले. बाबांनी ओहमचा नियम न मांडता योग्य तेच सांगितले होते.

दुसरा आकडा अधिक काळजीचा आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध ही उष्णता. १२ चा वर्ग १४४, गुणिले ०.२, म्हणजे जवळजवळ २९ वॉट. डाग देण्याची लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते! म्हणजे अर्धा तास आमच्या बॉनेटखाली, पेट्रोलच्या नळीपासून काही वितींवर, एक तापलेली सोल्डरिंग आयर्न पडून होती. वायरीचे त्या टोकाजवळचे आवरण हाताला लागले ते काळे आणि कडक, वाकवताच तडकले. बॅटरी उतरते हा यातला लहान धोका होता.

मी मीटरवरचे आकडे वहीत उतरवत असताना मिस्त्रींनी दिवे लावायला सांगितले, इंजिन बंद करून दोन मिनिटे थांबले आणि एकेका सांध्याला बोट लावत गेले. त्या बोल्टवर येताच हात झटकन मागे घेतला. “सर, हे तर बोटानंच कळतंय की. एवढी वही कशाला भरवली?” मी म्हटले, “मग दोन महिन्यांपूर्वी बोट का लावलं नाहीत?” ते हसले. “तुम्ही बॅटरी बदलून आलात, मला विचारलंत कुठं?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

बॅटरीची केबल आधी सोडवली आणि मग तो बोल्ट उघडला. थिंबलवर, तांब्यापितळेच्या भांड्यांना चढतो तसा हिरवा कळंक चढला होता, आणि वायरीचे बरेच धागे थिंबलच्या मुळाशीच तुटलेले होते. बाहेरून आवरण असल्यामुळे हे दिसत नव्हते. जळकी दोन-तीन इंच वायर कापून टाकली, चकचकीत तांबे उघडे केले, नवे थिंबल दाबून व डाग देऊन बसवले, बोल्ट पॉलिश पेपरने घासला आणि आवळून वर व्हॅसलीन लावले. खर्च वीस रुपयांच्या आतला. पुन्हा इंजिन, पुन्हा मीटर: सांध्यावर ०.०२ व्होल्ट, बॅटरीवर १४.०. पंधरा दिवसांनी सकाळी स्वस्थ बॅटरी मोजली, १२.६. दुकानदाराकडे दिलेली ती जुनी बॅटरीही कदाचित उपाशीच असेल, आजारी नसेल. आता कळायला मार्ग नाही.

सांध्यांचे असे मोजमाप आता मी दर पावसाळ्याच्या आधी करतो. सगळे मिळून वीस मिनिटे लागतात. आमच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ओहमच्या नियमाच्या प्रयोगात मी तो कापलेला वायरीचा तुकडाही देतो. पुष्कळ जण आधी त्याला ओहममापक लावतात.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. आमच्या मिस्त्रींकडे परवा अशीच एक जुनी डायनामोची गाडी आली. तिचा लाल दिवा इंजिन बंद असताना लागतो, वेग थोडा वाढवला की विझतो. येथवर सगळे ठीक. पण वेग आणखी वाढवला की तो पुन्हा लागतो, आणि जितका वेग जास्त तितका तो अधिक प्रखर होतो! दिव्याच्या दोन टोकांना काय जोडलेले असते ते वर सांगितले आहे. त्यातील कोणत्या टोकाचा दाब जास्त झाला असेल, आणि पेटीतला कोणता भाग आपले काम करीत नसेल?